उकरलेली तळी

स्मरणिकेच्या मंडळींनी माझ्याकडे प्रवासवर्णन मागितलं. ‘तू मागच्या वर्षी हॉलंडला आपल्या वर्गमित्राकडे राहून आलास, चार पानं लिही,’ असा निरोप आला. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे माझ्या हातून प्रवासवर्णन सरळ उतरत नाही, वाट वाकडी करून ते सोळाव्या शतकात शिरतं. तेव्हा ज्यांना ट्यूलिपची फुलं आणि चीजचा बाजार वाचायचा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मी लिहिणार आहे ते तळ्यांबद्दल. ज्याच्याकडे मी राहिलो त्याचं घर एका तळ्याच्या काठी आहे, आणि ते तळं माणसांनी उकरलेलं आहे. पाण्यासाठी नाही, चुलीतल्या सरपणासाठी.

मित्राचं नाव लिहायचं नाही, अशी त्याची अट आहे. ‘ब’ तुकडीत शेवटच्या बाकावर बसायचा, खारेपाटातून सायकलने यायचा, आणि पावसाळ्यात प्रार्थनेच्या रांगेत त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे असायचे. एवढ्यावर मुलींनाही आठवेल आणि पीटीच्या सरांना तर नक्कीच. पुढे तो सिव्हिल इंजिनीअर झाला, आधी मुंबई, मग मस्कत आणि आता बरीच वर्षं नेदरलँड्स. ॲम्स्टरडॅम आणि उत्रेख्त या दोन शहरांच्या मधे लोसद्रेख्तची तळी आहेत, तिथे तो राहतो. जवळून फेख्त नावाची संथ नदी वाहते. तिच्या काठावर ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांत बांधलेल्या बागबंगल्यांची रांग आहे आणि ब्रुकेलन नावाचं एक छोटं गाव आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला नाव मिळालं ते या गावावरून.

लोसद्रेख्तचा नकाशा पाहिला तर तळ्यात मधेच लांबच लांब, अरुंद जमिनीच्या पट्ट्या दिसतात. फणीच्या दात्यांसारख्या, एकमेकींना समांतर, काही इतक्या अरुंद की झाडांची एक रांग मावेल. निसर्ग असं फूटपट्टी लावून काम करत नाही. त्या पट्ट्यांमधूनच मित्राने मला होडीतून फिरवलं आणि मग घरी येऊन फळीवरची एक तपकिरी वीट हातात दिली. वीट म्हणावी तर वजनाला हलकी, वास जुन्या ओल्या पेंढ्याचा. ‘हे पीट,’ तो म्हणाला. भूगोलात कोळशाचे चार प्रकार आपण पाठ केले होते: पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. त्यात पीट म्हणजे सगळ्यांत हलक्या प्रतीचा, म्हणून त्यावर कधी प्रश्न यायचा नाही. त्या हलक्या प्रतीच्या कोळशावर एका देशाचं सुवर्णयुग शिजलं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तो प्रकार जरा आदराने पाठ केला असता.

हजारेक वर्षांपूर्वी हा सगळा भाग दलदलीचा होता. शेवाळ, बोरू, झुडपं हजारो वर्षं पाण्यात कुजत, साचत गेली आणि त्यांचे थर उंच होत गेले. ती दलदल त्या काळी समुद्रसपाटीपेक्षा वर होती, आणि पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. दहाव्या ते तेराव्या शतकांत उत्रेख्तचे बिशप आणि हॉलंडचे काउंट यांनी ही ओसाड जमीन कुळांना करारावर दिली. ठरावीक रुंदीची, लांबच लांब पट्टी, दोन्ही कडांना चर खणायचे, पाणी काढून टाकायचं आणि धान्य पिकवायचं. अशा कराराला ‘कोप’ म्हणत. बोस्कोप, न्यूकोप ही गावांची नावं त्यातूनच आली. म्हणजे आपल्याकडे कौल देऊन पड जमीन लागवडीला आणत, तसाच प्रकार.

पण पाण्याने फुगलेल्या स्पंजातून पाणी काढलं की स्पंज बसतो. शिवाय हवा लागली की पीट हळूहळू जळतं, म्हणजे कुजून हवेत जातं. जमीन खचू लागली. खचली म्हणून पाणी वर आलं, पाणी वर आलं म्हणून चर आणखी खोल केले, चर खोल केले म्हणून जमीन आणखी खचली. काही पिढ्यांत धान्य पिकेनासं झालं, तेव्हा गवत आणि गाई आल्या. हॉलंडचं लोणी आणि चीज जगभर गेलं त्याचं एक मूळ या खचलेल्या शेतांत आहे. पंधराव्या शतकापासून पाणी उपसायला पवनचक्क्या लागल्या. आपल्या कॅलेंडरवर जी पवनचक्की फुलांच्या वाफ्यामागे शोभेची उभी असते, ती बहुतेक ठिकाणी बुडणाऱ्या शेताचा पंप होती.

मग शहरं वाढली. देशात जंगल फारसं नाही, दगडी कोळसा दूर. ॲम्स्टरडॅम, लायडन, हार्लेम या शहरांच्या चुली पीटवर पेटू लागल्या. बिअरच्या भट्ट्या, विटांच्या भट्ट्या, साखरेचे कारखाने, डेल्फ्टची निळी-पांढरी भांडी, कपडे रंगवायची कढई, सगळ्याला पीट. आधी पाणी लागेपर्यंत कोरडं पीट कापत. १५३० च्या सुमारास लांब दांड्याला लोखंडी कडं आणि त्याला जाळी, असं एक साधं हत्यार वापरात आलं आणि पाण्याखालचं पीटही ओढून काढता येऊ लागलं. होडीत उभं राहून माणूस दिवसभर हा ओला राब उपसायचा. तो राब शेजारच्या जमिनीच्या पट्टीवर पसरायचा, पायांना फळ्या बांधून तुडवायचा, विटा पाडायच्या, वाळवायच्या आणि होड्यांतून शहरात पाठवायच्या. बायका-मुलं या कामात बरोबरीने असत. ज्या पट्टीवर वाळवायचं ती राखायची आणि शेजारची उपसायची. फणीचे दाते म्हणजे या राखलेल्या पट्ट्या.

शेतकरी आपली जमीन विकत नव्हता, तो ती जाळायला देत होता. एकदा गेलेलं पीट परत येत नाही आणि जिथे शेत होतं तिथे पाणी राहतं. सरकारला हे कळत होतं. पट्टी किती रुंद राखायची याचे नियम होते, पुढे पुढे उपसायच्या आधी अनामत रक्कम भरायची सक्तीही आली, म्हणजे उद्या ते तळं कोरडं करायचा खर्च त्यातून निघावा. पण पीटवर कर मिळत होता, शहराला जळण हवं होतं, आणि राखलेली पट्टी म्हणजे उपसणाऱ्याच्या दृष्टीने वाया गेलेला माल. पट्ट्या अरुंद होत गेल्या. वारा लागला की लाटा उठतात, लाटांनी पट्टी तुटते, दोन खड्ड्यांचा एक होतो, मोठ्या पाण्यावर लाट आणखी मोठी होते.

याचा शेवट कसा होतो ते पाहायला आम्ही ओव्हरआयसेल प्रांतात गेलो. तिथलं गिथोर्न आता फार प्रसिद्ध आहे. रस्त्यांच्या जागी कालवे, गवताने शाकारलेली घरं, लाकडी पूल, आणि प्रत्येक पुलावर फोटो काढणारी माणसं. आम्हीही काढले, ग्रुपवर टाकले, तुम्ही पाहिलेत. ते कालवेही पीट वाहून नेण्यासाठीच खणलेले. गिथोर्नच्या पुढे बोलाकर नावाचं विस्तीर्ण तळं आहे. त्याजागी बोलाक हे गाव होतं. आजूबाजूची जमीन इतकी उकरली गेली होती की १७७५ आणि १७७६ च्या लागोपाठच्या वादळांत समुद्राचं पाणी आत घुसलं तेव्हा उरलेल्या पट्ट्या वाहून गेल्या आणि गाव संपलं. आज त्यावर शिडाच्या होड्या फिरतात. मित्राने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. शेजारच्या वेरिबन भागात मात्र उपसा उशिरा झाला, बोलाकचं उदाहरण समोर होतं, पट्ट्यांच्या रुंदीचे नियम कडक पाळले गेले, आणि त्या पट्ट्या अजून आहेत. आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे.

ज्यांना वाटतं की अशी तळी लहानच असतात, त्यांच्यासाठी हार्लेमरमेर. ॲम्स्टरडॅम, लायडन आणि हार्लेम यांच्या मधलं हे पाणी किनाऱ्याचं पीट खात खात वाढलं, गावं गिळली. लोक त्याला ‘पाण्याचा लांडगा’ म्हणत. यान लेगवाटर नावाच्या चक्क्या बांधणाऱ्या सुताराने १६४१ मध्ये १६० पवनचक्क्या लावून हे तळं उपसायची योजना छापली. (लेगवाटर म्हणजे ‘रिकामं पाणी’. हे आडनाव त्याने स्वतः घेतलेलं. माणूस आपल्या धंद्याविषयी किती गंभीर असावा!) दोनशे वर्षं ती कागदावर राहिली. १८३६ च्या नोव्हेंबरात वादळाने पाणी ॲम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत ढकललं, डिसेंबरात उलट्या वाऱ्याने लायडनपर्यंत. मग सरकार हललं. तळ्याभोवती सुमारे ६० किलोमीटरचा कालवा खणला गेला, वाफेवरची तीन पंपघरं उभी राहिली आणि १८४९ ते १८५२ या काळात अठरा हजार हेक्टरचं तळं कोरडं झालं.

त्यांपैकी क्रूकिअस हे पंपघर आता संग्रहालय आहे. त्यातल्या इंजिनाचा सिलिंडर कॉर्नवॉलमध्ये ओतलेला, १४४ इंच व्यासाचा. गोल बुरुजातून आठ प्रचंड तुळया बाहेर आलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला एक पंप, एका झटक्यात आठ घनमीटर पाणी वर. आठ पंपांचे मिळून ६४ हजार लिटर, मिनिटाला पाच झटके. मित्र खाली पायऱ्यांवर बसून कागदावर आकडेमोड करत होता. त्याचं म्हणणं, गावच्या खारीतलं पावसाचं पाणी यातल्या एका पंपाने आठवड्यात काढलं असतं. त्या कोरड्या तळ्यात वसायला गेलेल्या पहिल्या पिढीचे मात्र हाल झाले. ताप, कॉलरा, चिखल, कर्ज. त्याच तळाशी आज स्खिपोल विमानतळ आहे, समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली. तुमच्यापैकी ज्यांची मुलं युरोपात आहेत ती बरीचशी कधी ना कधी या तळ्याच्या तळावर उतरली असणार.

प्रत्येक ठिकाणी उपसा जिंकला असंही नाही. लोसद्रेख्तच्या दक्षिणेला बेथून नावाचा पोल्डर आहे. पोल्डर म्हणजे बांध घालून पाणी उपसून मिळवलेली जमीन. हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोरडा केला, पण खालून इतकं पाणी झिरपत राहिलं की शेती करणाऱ्यांची कंबर मोडली. मग ॲम्स्टरडॅमने विचार केला, पाणी येतंच आहे आणि वाळूतून गाळून येतं आहे, तर पिऊ या. आज या फसलेल्या शेताचं झिरपतं पाणी शहराच्या नळांना जातं. मला हा किस्सा त्यांच्या सगळ्या मोठ्या धरणांपेक्षा जास्त आवडला.

याच पाण्याने त्यांनी एकदा शत्रूही अडवला. १६७२ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईची फौज उत्रेख्तपर्यंत आली तेव्हा डचांनी बांध फोडून शेतं बुडवली. पाणी असं की होडी चालत नाही आणि शिपायाला चालवत नाही. डिसेंबरात ते गोठलं आणि फ्रेंच बर्फावरून आत आले, दोन गावं जाळली, पण बर्फ वितळू लागलं तसं त्यांना मागे फिरावं लागलं. हे घडत होतं तेव्हा आपल्याकडे रायगडावरचा राज्याभिषेक दोन वर्षांवर आला होता आणि वेंगुर्ल्याला याच डचांची वखार होती. ती पडकी वखार सहलीला जाऊन पाहिलेली आपल्यातल्या काहींना आठवत असेल.

आता ज्यासाठी मी एवढं लिहिलं ते. बांध, चर, पंप हे सगळं सांभाळतं कोण? त्यांच्याकडे यासाठी ‘वाटरस्खाप’ नावाच्या जलमंडळ्या आहेत, तेराव्या शतकापासूनच्या. राजे बदलले, धर्म बदलला, नेपोलियन येऊन गेला, मंडळ्या राहिल्या. १९५० च्या सुमारास त्या अडीच हजारांवर होत्या, एकत्र करत करत आता २१ आहेत. त्यांचा कर वेगळा, त्यांची निवडणूक वेगळी. मित्र न चुकता मत देतो. जुन्या काळी बांधाचा प्रत्येक तुकडा एकेका शेतकऱ्याच्या नावावर असे. ठरलेल्या दिवशी मंडळीचे लोक बांधावरून चालत येत आणि प्रत्येक तुकडा तपासत. ज्याचा तुकडा खराब त्याला दंड. आणि ज्याला बांध राखणं झेपतच नाही, त्याने आपलं फावडं त्या बांधात रोवायचं आणि निघून जायचं. जो कोणी ते फावडं उपटेल त्याला ती जमीन मिळायची, आणि बांध राखायचं कामही त्याच्याच गळ्यात पडायचं.

हे त्याने मला लोसद्रेख्तच्या बांधावर उभं राहून सांगितलं. मग म्हणाला, ‘आमच्या खारीत फावडं कुणी रोवलं रे? मला तर दिसलंच नाही.’

शहराकडच्या मित्रांसाठी सांगतो. खारेपाट म्हणजे अलिबाग-पेणच्या खाड्यांलगतची, समुद्राला मागे हटवून मिळवलेली भातशेती. बाहेरून बांध, बांधात उघाडी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जावं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ नये, अशी ती झडप. हॉलंडमध्ये जे आहे तेच, पंप सोडून. पूर्वी बांधाचं काम जोळ पद्धतीने व्हायचं. सगळ्या गावाने अंगमेहनतीने वर्षाला बांध घालायचा, खांड गेली तर रात्रीसुद्धा धावायचं. त्याचे आजोबा त्या पिढीतले. चरीचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला तेव्हा नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून शेतकऱ्यांनी शेतं मुद्दाम पडीक ठेवली होती, खोताला हिस्सा मिळू नये म्हणून. ही जमीन अशी मिळवलेली आहे. मग १९४८ चा खारभूमीचा कायदा आला, १९७९ ला नवा आला, आणि हळूहळू बांध हे आपलं काम न राहता सरकारचं काम झालं. ते होऊ नये असं माझं म्हणणं नाही. समुद्राचा बांध एका गावाच्या ताकदीबाहेरचा असतो. पण डचांनी सरकारी पैसा घेताना बांधावरून चालत जाणारी ती मंडळी मोडली नाही. आपल्याकडे जोळ मोडली आणि तिच्या जागी अर्ज आला.

काही वर्षांपूर्वी उधाणात त्यांच्या खारीच्या बांधाला खांडी गेल्या. त्याच्या भावाने अर्ज केले. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे. चार पावसाळ्यांत शेतात खारं पाणी खेळलं आणि कांदळ उगवलं. कांदळ वाईट नाही, किनारा तेच राखतं. पण ते एकदा वाढलं की तोडता येत नाही आणि मग सातबारावर भातशेती आणि जागेवर जंगल अशी अवस्था होते. आता दलाल फिरताहेत. भावाने मुखत्यारपत्र पाठवलंय, मित्राने सही केली की विक्री. मी होतो तोवर तो कागद त्याच्या टेबलावर पीटच्या विटेखाली ठेवलेला होता.

मी त्याला काही सल्ला दिला नाही. त्याच्या भावाला दोन मुलींची शिक्षणं करायची आहेत, आणि आई म्हणते की मी असेपर्यंत नको. दोघांचंही खरं आहे. शिवाय डचांचं सगळं गोमटं आहे असंही नाही. त्यांची पीटची कुरणं अजून खचताहेत, काही ठिकाणी वर्षाला सेंटिमीटरभर. जुन्या घरांचे लाकडी खांब पाणी उतरलं की कुजतात. पाणी वर ठेवा म्हणावं तर गाईंचे खूर रुततात आणि दूधवाला शेतकरी चिडतो. यावर तिथे निवडणुका लढवल्या जातात. त्याच्या शेजारी राहणारे आजोबा मला म्हणाले की आमच्या पूर्वजांनी शेत जाळून खाल्लं, त्याचं बिल नातवंडं भरताहेत. मित्राने हे भाषांतर करून सांगितलं आणि भाषांतर करताना तो हसला नाही.

पण परत आल्यावर मी आपल्या वर्गाची यादी काढून बसलो. त्याच खारीत किंवा तिला लागून असलेल्या खारीत ज्यांची नावं सातबारावर आहेत असे आपल्या दोन तुकड्यांतले नऊ जण सापडले. तिघं मुंबईत, एक नाशिकला, एक जण शाळेच्या मागेच राहतो आणि त्याला स्वतःला माहीत नव्हतं. बांध दुरुस्त करायचा तर खातेदारांची एकत्र मागणी लागते, सुट्या अर्जांना वजन नसतं, असं या कामातले लोक सांगतात. कांदळ आलेला भाग सोडून, अजून वाचण्यासारखी किती जमीन उरली आहे हे आधी मोजायला हवं.

मित्र संमेलनाला येतोय. सही केलेली नाही, असा त्याचा परवाच फोन होता. एवढंच म्हणाला, की एकदा बघतो. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उघाडीपासून खांडीपर्यंत बांधावरून चालत जाणार आहोत. ओहोटीची वेळ तिथीवरून काढून तो ग्रुपवर कळवेल. ज्या नऊ जणांची नावं मी काढली आहेत त्यांना फोन केलेच आहेत, पण माझ्याकडून कुणी राहिलं असेल, किंवा ज्यांच्या वडिलांच्या नावावर अजून जमीन आहे, त्यांनी आदल्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी मला गाठावं. सातबाऱ्याची प्रत आणावी आणि चपलांऐवजी गमबूट.